यंत्राची साथ

आजच्या भाषणाचा विषय संगणकावरील संगीत हा आहे. हें नांव कानीं पडतांच कांहीं श्रोते रेडिओची कळ फिरवितील अशी मला भीति वाटते. कारण त्याबरोबर वरातींतील दणदणाट, चित्रपटगीतांतील नकली व्हायोलिनांचे ताफे, अशा गोष्टी मनांत उभ्या राहतात. त्यांविषयीं मला आज कांहींच सांगावयाचें नाहीं. ज्या संगीतांत संगणक हा वादकाच्या शेजारीं बसतो, त्याचें वादन त्याच क्षणीं ऐकतो, आणि आधीं कोणीं लिहून न ठेवलेलें असें कांहीं उत्तरादाखल वाजवितो, त्या संगीताविषयीं, तें रचणाऱ्यांविषयीं आणि विशेषतः तें शिकविणाऱ्यांविषयीं मला बोलावयाचें आहे.

ज्या घरांत गाण्याचा रियाझ चालतो, तेथें हल्लीं तंबोऱ्याची पेटी आणि तबल्याची पेटी असतेच. पेटी नसली तर तेंच काम टेलिफोनकडून करून घेतात. या पेटींत त्रिताल सकाळीं लावला तर संध्याकाळपर्यंत तो तसूभरहि ढळणार नाहीं. गाणाऱ्या मुलीला ठसका लागो, ती सुरेख तिहाई घेऊन समेवर येवो, किंवा ताल चुकून भलत्याच मात्रेवर उतरो. पेटीला त्याचें सोयरसुतक नसतें. आपला तबलजी मात्र गवयाच्या चेहऱ्याकडे पाहत असतो. विलंबित लयींत तो लय किंचित् सैल सोडतो, दाट तानेखालीं ठेका साधा ठेवतो, जागा मिळाली तर एक लहानसा मुखडा बांधून गवयाला उमेद देतो आणि लगेच मागें सरतो. याला आपण साथ म्हणतों. साथींत आधीं ऐकणें येतें. वाजविणें हा तिचा उत्तरार्ध आहे. पेटी नुसता उत्तरार्ध करते. यंत्राला पूर्वार्ध शिकवितां येईल काय, असा प्रश्न गेलीं चाळीस-पंचेचाळीस वर्षें कांहीं माणसांनीं मनाला लावून घेतला आहे.

यंत्राकडून सूर काढणें ही गोष्ट फार लवकर साधली. १९५१ सालीं मँचेस्टर विद्यापीठांतील फेरांटी कंपनीच्या संगणकानें ब्रिटिश राष्ट्रगीत, एक बालगीत आणि नृत्याची एक चाल वाजविली, व बी. बी. सी.नें ती ध्वनिमुद्रित केली. त्या तबकडीवर यंत्र मध्येंच अडखळून थांबतें, जमलेली मंडळी हंसतात, आणि आज यंत्राची लहर दिसत नाहीं, अशा अर्थाचें कोणी बाई बोललेली ऐकूं येते. २०१६ सालीं न्यूझीलंडमधील संशोधकांनीं ही तबकडी मूळ पट्टींत आणून स्वच्छ केली, म्हणून तो हंशा आपणांसहि ऐकतां येतो. पुढें १९५७ सालीं अमेरिकेंत बेल टेलिफोन प्रयोगशाळेंतील मॅक्स मॅथ्यूज या एंजिनियरांनीं ध्वनीचा आकारच आंकड्यांनीं लिहिण्याचा प्रोग्राम तयार केला. त्यावर न्यूमन गटमन यांची सतरा सेकंदांची एक रचना वाजली. सतरा सेकंदच, पण त्यांकरितां प्रत्येक सेकंदाचे हजारों आंकडे यंत्राला मोजावे लागले. हिशेब करणारें यंत्र एकीकडे, आंकड्यांचा ध्वनि करणारें यंत्र दुसरीकडे, आणि दोहोंमध्यें चुंबकीय फितीची ने-आण. रचनाकारानें आज एक सूर मागावा आणि तो कसा लागला हें बऱ्याच वेळानें कळावें, असा तो प्रकार होता. हा संगीताचा पत्रव्यवहार झाला. पत्रानें भांडण करतां येतें, प्रेमहि करतां येतें असें म्हणतात. जुगलबंदी मात्र करतां येत नाहीं.

हिशेब वादनाच्या वेगानें होऊं लागला तेव्हांच जुगलबंदीचा प्रश्न निघाला, आणि तो मोठ्या प्रयोगशाळांत निघाला नाहीं. १९७८ च्या सुमारास कॅलिफोर्नियांत जिम हॉर्टन, जॉन बिशॉफ आणि रिच गोल्ड या तिघांनीं के. आय. एम.-वन नांवाचीं, साध्या सर्किटाच्या पाटीएवढीं स्वस्त यंत्रें तारांनीं एकमेकांस जोडलीं. प्रत्येकाचें यंत्र आपापली रचना वाजवी, आणि शेजारच्या यंत्राकडून आलेले आंकडे तींत मिसळी. तिघांपैकीं कोणालाहि पुढच्या क्षणीं काय होईल हें ठाऊक नसे. परंतु यांत यंत्र यंत्राशीं बोलत होतें. माणसाच्या फुंकीला उत्तर देणारें यंत्र हवें असेल तर आपणांस जॉर्ज लुईस यांच्याकडे गेलें पाहिजे.

लुईस हे १९५२ सालीं शिकागो येथें जन्मलेले, आफ्रिकी वंशाचे अमेरिकन वादक. त्यांचें वाद्य ट्रॉम्बोन. म्हणजे बँडांत पुढें-मागें सरकणारी नळी असलेलें तें लांब पितळी वाद्य. येल विद्यापीठांत त्यांनीं तत्त्वज्ञानाची पदवी घेतली. पण संगीताची खरी तालीम मिळाली ती शिकागोच्या दक्षिण भागांतील वादकांनीं १९६५ सालीं काढलेल्या ए. ए. सी. एम. या संस्थेंत. १९७१ सालीं ते तिचे सभासद झाले. सभासदानें बाजारांत खपणाऱ्या चाली वाजवीत न बसतां स्वतःचें संगीत निर्माण करावें, हा तिचा आग्रह. आणि तेथल्या वादकांची रीत अशी, कीं एकेकानें एकाच कार्यक्रमांत अनेक वाद्यें हाताळावीं. संस्थेची स्वतःची शाळा होती, तींत वडीलधारे वादक मुलांना शिकवीत. हा तपशील मी मुद्दाम सांगत आहें. लुईस यांच्या यंत्राचा स्वभाव या शाळेंत घडला आहे.

१९८४ सालीं पॅरिसच्या इर्काम या संशोधन-संस्थेंत लुईस यांनीं 'रेनबो फॅमिली' हा प्रयोग केला. लहान ॲपल-टू संगणक यामाहा कंपनीचीं विद्युत्वाद्यें वाजवीत, आणि त्यांच्याशीं डेरेक बेली, स्टीव्ह लेसी यांसारखे उत्स्फूर्त वादनांत मुरलेले वादक संवाद करीत. पुढें १९८६ पासून दोन-तीन वर्षें खपून त्यांनीं 'व्हॉयेजर' हा प्रोग्राम लिहिला. याच्या पोटांत चौसष्ट वादक आहेत अशी कल्पना करावी. ते सर्व एका लयींत वाजवीत नाहींत. प्रत्येकाची चाल निराळी. दर पांच-सात सेकंदांनीं प्रोग्राम या वादकांतून नवा ताफा निवडतो: कोणकोण वाजविणार, कोणत्या वाद्याच्या आवाजांत, किती गतीनें, सुरांमध्यें अंतर किती, आणि कोणत्या स्वरसंचांत. हे स्वरसंच दीडशेंच्या घरांत आहेत, आणि त्यांत हार्मोनियमच्या पट्ट्यांमध्यें न सांपडणाऱ्या श्रुतीहि आहेत. चाल गुंफण्याच्या रीति पंधरा आहेत. हें चालूं असतां बाहेरच्या माणसाचें वादनहि प्रोग्राम सतत तपाशीत असतो. तो किती वरच्या सुरांत आहे, किती जोरानें आणि किती जलद वाजवितो, मध्यें किती वेळ थांबतो, या सर्वांची सरासरी काढून तो आपल्या निवडींत मिसळतो.

याचा अर्थ तो माणसाच्या मागें फरफटत जातो असा नव्हे. ऐकलेल्याचें अनुकरण करणें, त्याच्या नेमकें उलट वाजविणें, किंवा त्याकडे खुशाल दुर्लक्ष करणें, या तिन्ही वाटा त्याला मोकळ्या आहेत. माणूस गप्प बसला तर यंत्र गप्प बसत नाहीं; तें आपलें वाजवीत राहतें. त्याला थांबविण्यासाठीं वादकाच्या पायाशीं खटका नाहीं, वळविण्यासाठीं हाताशीं कळ नाहीं. ट्रॉम्बोनवाल्याला यंत्राकडून कांहीं हवें असेल तर तें त्यानें वाजवूनच मागितलें पाहिजे. मैफलींत शेजारच्या माणसाशीं आपण असेंच वागतों.

येथें मला एक शंका दिसते, आणि ती योग्य आहे. निवड यंत्र करतें म्हणजे फांसे टाकतें. मग याला ऐकणें म्हणावयाचें कशाला? व्हॉयेजरमध्यें यदृच्छेचा भाग मोठा आहे, हें खरें. पण फांशांना तुम्हीं काय वाजविलें याची खबर नसते, आणि या यंत्राला असते. तुम्हीं सूर हळुवार केलात तर पुढच्या पांच-सात सेकंदांत त्याच्या निवडींचा तोल बदलण्याचा संभव असतो, खात्री नसते. अनोळखी साथीदाराशीं पहिल्यांदा बसतांना माणसाला याहून अधिक खात्री असते काय? १९९३ सालीं निघालेल्या तबकडींत रॉस्को मिचेल यांच्यासारखा कसलेला सॅक्सोफोनवादक या यंत्राबरोबर वाजवितो. तो त्याला बाहुलें समजत नाहीं, हें ऐकणाऱ्याला लगेच उमगतें.

मला स्वतःला व्हॉयेजरचें वादन कांहीं वेळां अति दाट वाटतें. एवढे सूर कशाला, असें मनांत येतें. हा आक्षेप लुईस यांना नवा नाहीं. २००० सालच्या आपल्या लेखाला त्यांनीं 'फार सूर' अशाच अर्थाचें नांव दिलें आहे. बादशहा दुसरा जोसेफ यानें मोझार्टला केलेल्या तक्रारीची जी आख्यायिका आहे, तिच्याकडे त्या नांवाचा रोख आहे. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें: अनेक आवाज एकाच वेळीं, एकमेकांस न दडपतां, आपापल्या लयींत बोलत राहणें ही आफ्रिकी-अमेरिकन कलेची जुनी रीत आहे, आणि यंत्र तिच्यांत वाढलें म्हणून तसें वाजवितें. संगणक निःपक्षपाती असतो हा एक भ्रम आहे. प्रोग्राम लिहिणाऱ्यानें ज्याला संगीत मानलें, तेंच त्यांत उतरतें. आपल्या भाषेंत बोलावयाचें तर प्रोग्रामलाहि घराणें असतें.

आणि घराणें हा शब्द येथें अलंकार म्हणून वापरला असें कोणी समजूं नये. ज्या दशकांत लुईस पॅरिसमध्यें हा उद्योग करीत होते, त्याच दशकांत लखनौमध्यें एका खऱ्या घराण्याच्या खलिफांपुढें संगणक शिकाऊ म्हणून बसला होता. हे खलिफा म्हणजे तबल्याच्या लखनौ घराण्याचे उस्ताद आफाक हुसेन खाँ. त्यांच्याकडे जेम्स किपन हे ब्रिटिश अभ्यासक तबला शिकत होते. बर्नार बेल या फ्रेंच संगणकतज्ज्ञांच्या साह्यानें त्यांनीं एक विलक्षण गोष्ट केली. (हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनीं महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्यांचा जो प्रचंड संग्रह केला, त्याच्या संगणकीय मांडणींतहि पुढें बेल यांचा मोठा हात होता, हें जातां जातां सांगून ठेवतों.)

तबल्याचा कायदा आपणांस ठाऊक आहे. त्याच्या मुखांत जेवढे बोल आले तेवढ्यांचेच पलटे करावयाचे. बाहेरचा बोल आणावयाचा नाहीं. अर्धा भाग भरीचा, अर्धा खालीचा. खालींत डग्गा गप्प होतो, 'धा'चा 'ता' होतो, आणि पुन्हां ठराविक जागीं भरी परत येते. एवढ्या मर्यादेंत उस्ताद तासभर पलटे करूं शकतो. हे पलटे पाठ केलेले नसतात. ते त्या क्षणीं सुचतात. मग त्यांमागें एखादें व्याकरण असलें पाहिजे. बेल यांनीं ॲपल-टू जातीच्या लहान संगणकावर एक प्रोग्राम रचला. कळफलकाच्या कळा तबल्याच्या बोलांना नेमून दिल्या, म्हणजे ऐकलेला पलटा झरझर टिपतां यावा. शब्द जुळविणाऱ्या प्रोग्रामला वर्ड प्रोसेसर म्हणतात, म्हणून याचें नांव बोल प्रोसेसर. त्यांत कायद्याचे नियम लिहिले, कीं यंत्र आपण होऊन नवे पलटे तयार करी. ते उस्तादांना ऐकवावयाचे आणि त्यांचा निकाल घ्यावयाचा: हा चालेल, हा चालणार नाहीं. जेथें नकार मिळे, तेथें नियम दुरुस्त करावयाचा. उलट बाजूनेंहि परीक्षा होई. उस्तादांनीं स्वतः केलेला पलटा यंत्राला द्यावयाचा. यंत्राच्या व्याकरणांत तो बसला नाहीं, तर चूक उस्तादांची नसून व्याकरणाची हें उघड होतें.

कांहीं पलटे मात्रांनीं बरोबर भरत, नियमांतहि बसत, तरीहि ते उस्तादांच्या तोंडचे वाटत नसत. तेव्हां नियमांना कमी-अधिक वजन द्यावें लागलें: ही वाट वारंवार घ्यावी, ती क्वचितच घ्यावी. माझ्या दृष्टीनें या सबंध कामांतील अमोल भाग तो हाच. शुद्ध-अशुद्ध सांगणारें व्याकरण कोणीहि लिहील. परंतु काय शोभतें आणि किती वेळां शोभतें, हें शिष्य दहा-दहा वर्षें गुरूच्या डाव्या हाताशीं बसून उचलतो, आणि गुरूला विचारलें तर त्यालाहि तें शब्दांत सांगतां येत नाहीं. यंत्र मठ्ठ असल्यामुळें त्याला सर्व कांहीं शब्दांत सांगावें लागलें. किपन यांचें लखनौच्या तबल्यावरील पुस्तक १९८८ सालीं केंब्रिजहून प्रसिद्ध झालें. आफाक हुसेन खाँ १९९० सालीं निवर्तले.

तथापि या प्रयोगाची मर्यादाहि पाहिली पाहिजे. यंत्र उस्तादांचा तबला ऐकत नव्हतें. त्याला मिळत होतीं तीं बोलांचीं अक्षरें. चांटेवरचा 'ना' आणि लवेवरचा 'ना' यांतील गोडी, डग्ग्याची घुमार, श्रोत्यांत कोणी जाणकार बसला आहे हें पाहून चढणारी लय, यांचा त्या अक्षरांत मागमूस नव्हता. लुईस यांचें यंत्र ऐकत होतें, पण त्याला चूक दाखविणारा गुरु नव्हता. बेल-किपन यांच्या यंत्राला गुरु होता, पण कान नव्हते.

तिसरा एक प्रयत्न आपल्या ख्यालाशीं संबंधित आहे. कॅलिफोर्नियांतील बर्कली विद्यापीठाच्या संगीत-केंद्रांत डेव्हिड वेसल आणि मॅथ्यू राइट यांनीं शामचौरासी घराण्याचे गवई शफकत अली खाँ यांच्याबरोबर संगणकानें साथ केली, व १९९८ सालीं त्यावर एक निबंध वाचला. निबंधाच्या नांवांतच 'पूर्वतयारी' हा शब्द आहे, आणि तो मला फार आवडला. गवयाचा आवाज आधीं ध्वनिमुद्रित करून त्याचे घटक वेगळे केले. मैफलींत चित्रकाराच्या लेखणीसारखें साधन एका पाटीवर फिरवून ते घटक पाहिजे तेव्हां, पाहिजे तितके लांबवून वाजवितां येत. उत्स्फूर्त म्हणजे तयारीवांचून, असा गैरसमज आपल्याकडे नाहीं; ज्यानें राग घोटला आहे त्यालाच उपज सुचते. पाश्चात्य देशांतील नवशिक्यांना मात्र हें पुष्कळदां समजावून सांगावें लागतें.

आतां शिक्षणाकडे वळूं. संगणकावर संगीत रचावयास शिकविणारा अध्यापक एका चमत्कारिक वर्गापुढें उभा असतो. अर्धे विद्यार्थी गणित व संगणक शिकलेले. त्यांना सम कोठें आली तें कळत नाहीं. अर्धे वाद्य शिकलेले. त्यांना प्रोग्राम म्हटला कीं कांपरें भरतें. एकटे बसवले तर पहिला आवाजाचे डोंगर रचतो आणि दुसरा तयार ठोकळे एकापुढें एक मांडून मोकळा होतो. प्रिन्स्टन विद्यापीठांत डॅन ट्रूमन आणि पेरी कुक यांनीं २००५ सालीं यावर जो उपाय योजला, तो मला शहाणपणाचा वाटतो. त्यांनीं सर्वांना एकत्र बसवून वाद्यवृंद केला. प्रत्येकापुढें एक लॅपटॉप, आणि प्रत्येकाशेजारीं अर्ध्या चेंडूच्या आकाराचा, चहूंकडे आवाज फेंकणारा स्वतंत्र ध्वनिक्षेपक.

या ध्वनिक्षेपकांत शिक्षणाची मोठी युक्ति आहे. एरवीं संगणकाचा आवाज सभागृहाच्या दोन कोपऱ्यांतील मोठ्या कर्ण्यांतून येतो. कोणता सूर कोणाचा हें वाजविणाऱ्यालाहि ओळखतां येत नाहीं, मग लाज कोणाला वाटणार आणि सुधारणा कोण करणार? येथें आपला सूर आपल्या गुडघ्यापाशींच उमटतो. शेजाऱ्याला तो टोंचतो, तेव्हां त्याच्या भुवया वर जातात. या वाद्यवृंदाबरोबर मुंबईचे उस्ताद झाकीर हुसेन यांनींहि तबला वाजविला. २०२४ सालीं ते गेले, पण साथीच्या शिक्षणाचा विषय निघाला कीं मला तो प्रसंग प्रथम आठवतो. कारण ज्याचा कान क्षणार्धांत ताल पकडतो अशा माणसापुढें बसल्यावर आपला प्रोग्राम किती बहिरा आहे, हें अध्यापकानें निराळें सांगावें लागत नाहीं.

कुक यांचे विद्यार्थी गे वांग यांनीं कुक यांच्याबरोबर 'चक' नांवाची जी संगणक-भाषा केली, तींत वादन चालूं असतांच प्रोग्राम बदलतां येतो. या रीतीचा एक संप्रदायच आतां झाला आहे. २००४ सालीं हॅम्बुर्गला जमलेल्या अशा मंडळींनीं दंडक घातला, कीं वादकानें आपल्या संगणकाचा पडदा श्रोत्यांना दाखविला पाहिजे. तो एखादी ओळ लिहितो, लगेच ठेका सुरू होतो. ओळींतील एक आंकडा बदलतो, ठेक्याची चाल बदलते. तिकीट काढून कारकुनाचें टंकलेखन कोण पाहील, असें म्हणून कोणी हंसेल. मलाहि आरंभीं हंसूं आलें होतें. परंतु आपल्याकडे एकल तबल्याच्या मैफलींत वादक आधीं बोलांची पढंत करतो आणि मग तेच बोल हातानें काढतो, तेव्हां आपण त्याला हंसत नाहीं. विचार आधीं कानावर पडला म्हणून वादनाची गोडी वाढते. पडद्यावरची ओळ ही एक प्रकारची पढंतच आहे. आणि हें साम्य केवळ माझ्या कल्पनेंतलें नव्हे. या संप्रदायांत फार वापरली जाणारी 'टायडल' नांवाची पद्धति इंग्लंडच्या ॲलेक्स मॅक्लीन यांनीं तयार केली. तींतील लय लिहिण्याची लघुलिपि बेल यांच्या बोल प्रोसेसरवरून सुचली आहे. लखनौच्या उस्तादांचा होकार-नकार ज्या लेखनरीतींत मुरला, तिचा वंश अशा फिरत्या वाटेनें युरोपच्या नृत्यगृहांत पोंचला आहे. तेथें नाचणाऱ्यांना त्याची वार्ताहि नसेल.

आपल्या संगीतविद्यालयांत हा विषय आणावा काय, असें मला कोणी विचारलें तर माझें उत्तर होकारार्थी आहे. मात्र एका अटीवर. आपल्याकडे संगणक शिरला तो बहुधा ठेक्याची पेटी म्हणून, आणि त्यानें शिकणाऱ्याला एक वाईट खोड लावली. लय कधींच हलत नाहीं अशा साथीवर दहा वर्षें गाइलेली मुलगी प्रथम जित्या तबलजीबरोबर बसते, तेव्हां त्याचें लवचिक वागणें तिला चूक वाटतें. तबलजीचें पोट ज्या शिकवणीवर चालत असे, तीहि पेटीनें नेली. यापुढें यंत्र आणावयाचें असेल तर तें बहिरें आणूं नये. विद्यार्थ्याकडून पहिला प्रोग्राम लिहून घ्यावा तो वाजविणारा नव्हे, ऐकणारा: मायक्रोफोनपुढें कोणी बोल वाजवीत असतां लय वाढली कीं उतरली एवढेंच सांगणारा. हें वाटतें त्याहून पुष्कळ कठीण आहे. कारण लय म्हणजे काय, ती दोन ठोक्यांच्या अंतरांत असते कीं आवर्तनाच्या ओघांत, याचा आधीं निर्णय करावा लागतो. आणि तो निर्णय संगणक-शास्त्राच्या पुस्तकांत सांपडत नाहीं, तबलजीला विचारावा लागतो. दुसरा प्रोग्राम गप्प बसणारा असावा: गवई भरांत असतां केव्हां थांबावें हें ठरविणारा. सूर निर्माण करण्याचा पाठ तिसरा. बहुतेक ठिकाणीं हाच पहिला शिकवितात, आणि मग दुसऱ्या पाठाला पोंचण्याआधींच वर्ष संपतें.

परीक्षेचा प्रश्न उरतो. लेखी परीक्षेनें येथें कांहीं साधणार नाहीं. विद्यार्थी आणि त्याचा प्रोग्राम यांना एका अनोळखी वादकापुढें बसवावें. दहा मिनिटें वाजवूं द्यावें. नंतर परीक्षकांनीं त्या वादकाला बाजूला घेऊन एवढेंच विचारावें, कीं पुन्हां याच्याबरोबर बसावयास तुमची तयारी आहे काय. आणि नाहीं म्हणाला तर कोणत्या जागीं अडलें तें त्याच्याकडून हातानें वाजवून दाखवून घ्यावें. तें ऐकून विद्यार्थ्यानें प्रोग्राम दुरुस्त करावा व महिन्यानें परत यावें.

खर्चाचें भय बाळगण्याचें कारण नाहीं. मीं उल्लेखिलेल्या 'चक' आणि 'टायडल' या दोन्ही, आणि त्यांच्या जोडीला 'सुपरकोलायडर' व 'प्युअर डेटा' हीं साधनें कोणासहि फुकट मिळतात. एक जुना लॅपटॉप, एक बरासा मायक्रोफोन, आणि आठवड्यांतून दोन संध्याकाळ येऊन बसेल असा, गल्लींतलाच एखादा तबलजी, एवढ्यावर वर्ग सुरू होऊं शकतो. यांपैकीं तबलजीला मात्र रीतसर बिदागी द्यावी.